शब्द आणि साथ : जॉन कूपर क्लार्क यांच्या सादरीकरणाच्या कवितेचा एक अभ्यास

१. प्रास्ताविक

मंचावर गाजलेली कविता कागदावर टिकत नाही, हा समज मराठी काव्यसमीक्षेत खोलवर रुजलेला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक समज असतो : कवितेला वाद्यांची साथ मिळाली की ती गीत होते, आणि गीत झाल्यावर तिचा विचार काव्यशास्त्राच्या कक्षेबाहेर जातो. या दोन्ही समजांची परीक्षा घ्यायची, तर एकच कविता मंचावर, ध्वनिमुद्रिकेत, पुस्तकात आणि पुढे दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात गेल्यावर तिचे काय होते, हे पाहावे लागते. इंग्लंडमधील सॉल्फर्ड येथील कवी जॉन कूपर क्लार्क यांची कारकीर्द अशा परीक्षेसाठी विशेष सोयीची आहे. १९७८ ते १९८२ या काळात त्यांच्या कविता 'द इन्व्हिजिबल गर्ल्स' या वाद्यवृंदाच्या साथीने ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांचे मंचावरचे सादरीकरण मात्र प्रामुख्याने वाद्यांविनाच होत राहिले.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कवितेला साथीच्या वाद्यवृंदाने बाजारपेठ मिळवून दिली आणि काही वेळा वातावरणही दिले. परंतु तिची लय तिच्या शब्दरचनेतच पूर्ण झालेली होती. म्हणूनच वाद्यवृंद मागे पडल्यावर आणि कवी जवळजवळ मूक झाल्यावरही ती कविता टिकली. हे प्रतिपादन कवीच्या कीर्तीच्या आधारे सिद्ध होणार नाही. ते कवितांच्या घडणीतूनच सिद्ध व्हावे लागेल.

आरंभीच संज्ञेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. 'परफॉर्मन्स पोएट' या इंग्रजी संज्ञेसाठी 'शाहीर' हा शब्द सहज सुचतो. पण तो दिशाभूल करणारा आहे. शाहिरीत डफ, तुणतुणे आणि झीलकरी हे रचनेचेच घटक असतात. ओळ गायली जाते, तिचा शेवट झीलकरी उचलून धरतात, आणि त्या उचलण्यासाठी कवनात जागा ठेवलेली असते. कूपर क्लार्क गात नाहीत; ते बोलतात. त्यांच्या रचनेत दुसऱ्या कुणासाठी मोकळी ठेवलेली जागा नाही. म्हणून येथे 'सादरकर्ता कवी' ही अधिक तटस्थ संज्ञा वापरली आहे.

२. जडणघडण : सॉल्फर्ड, शाळा आणि क्लब

कूपर क्लार्क यांचा जन्म २५ जानेवारी १९४९ रोजी सॉल्फर्ड येथे झाला. मँचेस्टरला लागून, अर्वेल नदीच्या पलीकडे वसलेले हे शहर कापूस, गोदी आणि कारखाने यांवर उभे राहिलेले होते. त्यांच्या बालपणी त्याचा औद्योगिक उतार सुरू झालेला होता. लहानपणी त्यांना क्षयरोग झाला आणि प्रकृती सुधारण्यासाठी काही काळ वेल्सच्या किनाऱ्यावरील ऱ्हील येथे राहावे लागले. शाळेतील इंग्रजीच्या एका शिक्षकाने त्यांना एकोणिसाव्या शतकातील कवितेची गोडी लावली. वृत्तबद्ध, यमकबद्ध, पाठ करण्याजोगी आणि मोठ्याने म्हणण्याजोगी अशी ती कविता होती. पुढे पो आणि बोदलेर यांच्याविषयीचे आपले आकर्षण त्यांनी वारंवार सांगितले आहे. कामगार वस्तीतून आलेल्या, विनोदी आणि शिवराळ कविता लिहिणाऱ्या या कवीची काव्यरचनेची कल्पना बरीच जुन्या वळणाची होती, हे आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

या शालेय संस्काराला दुसरा एक संस्कार येऊन मिळाला. उत्तर इंग्लंडमध्ये कामगारांच्या क्लबांतून विनोदवीर, गायक आणि जादूगार एकाच संध्याकाळी कार्यक्रम करीत. तेथील प्रेक्षक मद्याचा पेला हाती घेऊन बसलेला असे. त्याला न आवडलेला कलावंत फार वेळ मंचावर राहत नसे. अशा क्लबांतून, त्यांत मँचेस्टरमधील विनोदवीर बर्नार्ड मॅनिंग यांच्या एम्बसी क्लबचाही समावेश होतो, कूपर क्लार्क यांनी कविता म्हणायला आरंभ केला. या प्रदेशाला विनोदी पद्यकथनाचीही परंपरा होती. मॅरियट एडगर यांनी रचलेले आणि स्टॅन्ली हॉलोवे यांनी १९३०च्या दशकात लोकप्रिय केलेले सिंहाने गिळलेल्या मुलाचे पद्यकथन हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

काव्यमंचाच्या बाजूने पाहिले, तर १९६५च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेले मोठे काव्यवाचन आणि १९६७ साली पेंग्विनने प्रकाशित केलेला 'द मर्सी साउंड' हा संग्रह यांनी वाचिक कवितेला प्रतिष्ठा मिळवून दिलेली होती. त्या संग्रहातील एड्रियन हेन्री यांनी 'लिव्हरपूल सीन' या बँडबरोबर कवितेचे कार्यक्रमही केले. तेव्हा वाद्यवृंद घेऊन उभा राहणारा इंग्रज कवी ही कल्पना कूपर क्लार्क यांच्यापासून सुरू झालेली नाही. फरक काव्यरूपाचा आहे. लिव्हरपूलच्या कवींनी प्रामुख्याने मुक्तछंद आणि सैल बोलीलय स्वीकारली; कूपर क्लार्क यांनी घट्ट यमक आणि ठाशीव आघात स्वीकारले. त्या काळच्या प्रतिष्ठित इंग्रजी कवितेत यमक बऱ्याच अंशी बाजूला पडले होते. विनोदी पद्यात मात्र ते जिवंत होते, आणि १९७५ साली दूरचित्रवाणीवरील गुणदर्शनाच्या कार्यक्रमातून पॅम एअर्स यांना मिळालेल्या यशाने त्याला मोठा श्रोतृवर्ग असल्याचेही दिसून आले होते.

३. पंक आणि वेग

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते फार नव्हते. पण त्यानंतर त्या शहरात पंक संगीताची जी लाट उसळली, तिचा तो आरंभबिंदू मानला जातो. या लाटेत कूपर क्लार्क बझकॉक्स, एल्व्हिस कॉस्टेलो इत्यादींच्या कार्यक्रमांत आरंभीचे कलावंत म्हणून उभे राहू लागले. मुख्य बँडची वाट पाहणाऱ्या, अस्वस्थ आणि प्रसंगी आक्रमक होणाऱ्या तरुण गर्दीसमोर एकट्याने कविता म्हणायची, ही परिस्थिती काव्यवाचनाच्या नेहमीच्या परिस्थितीहून अगदी वेगळी होती. अत्यंत कृश शरीर, अरुंद सूट, काळा चष्मा आणि १९६५च्या सुमाराच्या बॉब डिलनची आठवण करून देणारे विस्कटलेले केस अशी स्वतःची एक ठळक मंचप्रतिमाही त्यांनी घडवली.

या परिस्थितीने त्यांच्या शैलीला एक ठळक गुण दिला असे म्हणता येईल. तो म्हणजे वेग. त्यांचे काव्यवाचन मशीनगनसारखे सलग, नाकात आणि सॉल्फर्डच्या बोलीत चालते. हा वेग केवळ धिटाईचा नाही. त्याला छंदःशास्त्रीय आधार आहे. मराठी वृत्तरचना अक्षरांच्या लघुगुरुत्वावर किंवा मात्रांवर उभी असते. इंग्रजी रचनेत मोजले जातात ते आघात. दोन आघातांच्या मध्ये एक अक्षर असो वा दोन, आघात साधारण सारख्या अंतराने पडत राहिले की ओळ तोलली जाते. त्यामुळे आघात ठाम असतील, तर मधली अक्षरे कितीही घाईने म्हटली तरी लय मोडत नाही. कूपर क्लार्क आखूड ओळी, तीन किंवा चार आघात, ठाशीव अंत्ययमक आणि भरघोस अनुप्रास वापरतात. त्यामुळे एखादा शब्द कानातून निसटला, तरी श्रोत्याला ओळ कोठे संपली ते कळते. ऐकू न येण्याचा धोका असलेल्या सभागृहात यमक हे अलंकरण राहत नाही. ते श्रोत्याला रस्ता दाखवणारी खूण होते.

याच कारणाने त्यांच्या कवितेत यादीला महत्त्व आले. वस्तू, व्यापारी नावे, नट, खाद्यपदार्थ, आजार, फॅशन यांच्या याद्या तर्काच्या साखळीऐवजी यमकाच्या साखळीने जोडल्या जातात. कल्पनांची अनपेक्षित शेजारणी यमकामुळेच घडते आणि त्यातूनच हास्य उत्पन्न होते. सूत्र हरवले तरी श्रोता पुढच्या वस्तूपाशी पुन्हा कवितेत शिरू शकतो. मौखिक रचनेच्या अभ्यासात यादीच्या ज्या कार्याचा निर्देश केला जातो, त्याचे हे आधुनिक, नागर रूप आहे.

४. इन्व्हिजिबल गर्ल्स : साथीचे स्वरूप

१९७७ साली मँचेस्टरच्या रॅबिड रेकॉर्ड्स या छोट्या संस्थेने 'इनोसंट्स' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्यानंतर सीबीएस या मोठ्या कंपनीशी करार होऊन 'डिसगाइज इन लव्ह' (१९७८), 'स्नॅप, क्रॅकल अँड बॉप' (१९८०) आणि 'झिप स्टाइल मेथड' (१९८२) या ध्वनिमुद्रिका आल्या. यांतील संगीत इन्व्हिजिबल गर्ल्स या नावाने एकत्र येणाऱ्या वादकांचे होते. या नावात विनोद आहे : त्यात मुली नव्हत्या, आणि नेहमीच्या अर्थाने कायमचा बँडही नव्हता. त्याच्या केंद्रस्थानी निर्माता आणि बासवादक मार्टिन हॅनेट आणि कळफलकवादक स्टीव्ह हॉपकिन्स हे होते. गरजेप्रमाणे इतर वादक येत. बझकॉक्सचे पीट शेली आणि बीबॉप डीलक्सचे बिल नेल्सन यांनीही त्यात गिटार वाजवली. जॉय डिव्हिजन या बँडच्या 'अननोन प्लेझर्स' (१९७९) आणि 'क्लोझर' (१९८०) या ध्वनिमुद्रिकांमुळे हॅनेट यांचे नाव संगीताच्या इतिहासात स्थिर झाले आहे. रिकाम्या, थंड अवकाशाचा भास निर्माण करणारे ध्वनिनियोजन हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

बोलणाऱ्या कवीला बँड कशासाठी, या प्रश्नाचे पहिले उत्तर आर्थिक आहे. ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात नुसत्या बोललेल्या कवितेला ठरलेली जागा नव्हती. नभोवाणीवर वाजवता येईल आणि विक्रीच्या यादीत चढेल अशा रूपात कविता येणे कंपनीच्या हिताचे होते. हा हिशेब काही प्रमाणात खराही ठरला. 'गिमिक्स' हे एकेरी गीत १९७९ साली ब्रिटनच्या विक्रीयादीत ३९व्या स्थानावर पोहोचले आणि 'स्नॅप, क्रॅकल अँड बॉप' ध्वनिमुद्रिकांच्या यादीत २६व्या स्थानावर. कवितेच्या पुस्तकांना क्वचितच मिळणारी ही पोहोच वाद्यवृंदाच्या साथीशिवाय शक्य झाली असती असे वाटत नाही.

दुसरे उत्तर कलात्मक आहे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. वाद्यसंगीताचे येथे तीन परिणाम दिसतात. पहिला, ते कवितेला वातावरण देते. कवितेतील स्थळ आवाजाने सजवते. दुसरा, ते वेगाला लगाम घालते; ताल एकदा ठरला की कवीला श्रोत्यांच्या हशाप्रमाणे थांबता येत नाही किंवा त्यांच्या अस्वस्थतेप्रमाणे धावता येत नाही. तिसरा परिणाम सर्वांत सूक्ष्म आहे : कवितेतील आघात आणि ढोलाचा ठोका एकाच जागी पडले, की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते.

याच काळात मंचावरचे चित्र मात्र निराळे होते. १९७९च्या 'वॉकिंग बॅक टू हॅपिनेस' या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेत मुख्यतः वाद्यांविना म्हटलेल्या कविता आहेत. पंक आणि नव्या लाटेच्या अनेक बँडचे कार्यक्रम चित्रित करणाऱ्या 'अर्घ! अ म्युझिक वॉर' या चित्रपटातही कूपर क्लार्क 'हेल्थ फॅनॅटिक' ही कविता एकटेच म्हणताना दिसतात. सभोवती गिटार आणि ढोल यांचा गजर चालू असताना केवळ ध्वनिक्षेपकासमोर उभा असलेला हा माणूस त्याच संगीतसोहळ्याचा भाग वाटतो, याचे श्रेय त्याच्या शब्दांतील तालाला द्यावे लागते.

येथे लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. १९५२ साली जमैकात जन्मलेले आणि १९६३ साली लंडनला आलेले जॉन्सन हे कूपर क्लार्क यांचे समकालीन. डेनिस बोव्हेल यांच्या संगीतासह 'ड्रेड बीट अँड ब्लड' (१९७८), 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी' (१९७९) आणि 'बास कल्चर' (१९८०) या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आल्या. त्यांची कविता जमैकन बोलीत आणि रेगे संगीताच्या बासलयीवर रचलेली आहे. वाद्ये काढून घेतली तरी त्यांच्या उच्चारातून ती बासलय ऐकू येते, कारण कविता तिच्यातूनच जन्मली आहे. कूपर क्लार्क यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे : कविता आधी पूर्ण होती, संगीत तिच्याभोवती नंतर रचले गेले. 'कवी आणि बँड' या एकाच वर्णनाखाली येणाऱ्या या दोन घटना घडणीच्या दृष्टीने भिन्न आहेत. त्यांना एकाच मापाने मोजणे अयोग्य ठरेल.

५. दोन कवितांची घडण

'बीझली स्ट्रीट' आणि 'एव्हिडंटली चिकनटाउन' या दोन्ही कविता १९८०च्या ध्वनिमुद्रिकेत आहेत. त्यांच्या आधारे वरील विधाने तपासता येतील.

'बीझली स्ट्रीट' ही एका दरिद्री रस्त्याची कविता आहे. तिच्यामागे सॉल्फर्डमधील लोअर ब्रॉटन भागातील कॅम्प स्ट्रीटची प्रेरणा होती. तीन आघातांच्या आखूड ओळी, एकाआड एक यमक आणि कडव्याच्या अखेरीस ध्रुवपदासारखे परतणारे रस्त्याचे नाव अशी तिची रचना आहे. ध्रुवपदाचा शेवट प्रत्येक वेळी तोच असल्याने प्रत्येक कडव्यात त्याच ध्वनीशी जुळणारा नवा शब्द शोधावा लागतो. चारदोन कडव्यांनंतर श्रोत्याला ते कळते आणि तो त्या शब्दाची वाट पाहू लागतो. रचनेतील हे बंधन आशयाशी एकरूप झाले आहे. कविता कोठेही भरकटली, आजार, कचरा, हिंसा, उपासमार, अगदी फ्रॉइडपर्यंत गेली, तरी कडव्याच्या शेवटी तिला त्याच रस्त्यावर परत यावे लागते. तेथील रहिवाशांनाही दुसरा मार्ग नाही. मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातील कीथ जोसेफ यांचा कवितेत नामनिर्देश असल्याने तिला तत्कालीन राजकीय संदर्भही मिळाला आहे. परंतु तिची खरी राजकीयता ध्रुवपदाच्या अटळपणात आहे. ध्वनिमुद्रिकेतील वाद्यसंगीत येथे कवितेला पूरक ठरते. हॅनेट यांच्या ध्वनिनियोजनाने त्या रस्त्यावरची कुंद हवा ऐकू येते. पुढे त्याच भागाच्या नव्या, चकचकीत रूपावर कूपर क्लार्क यांनी 'बीझली बूलव्हार' ही प्रतिकविता रचली, हेही नोंदवले पाहिजे.

'एव्हिडंटली चिकनटाउन' या कवितेचे तंत्र याहून साधे आणि धाडसी आहे. चार आघातांच्या ओळी जोडीयमकाने बांधल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शिवी, बहुधा दोनदा, येते. या शिवीचे रूप सर्व पाठांत सारखे नाही. कोठे सौम्य, कोठे तीव्र शब्द आढळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ऑर्कनी बेटांवरील सैनिकी पद्याशी तिचे असलेले साम्य अभ्यासकांच्या नजरेत आलेले आहे; म्हणजे या तंत्रालाही मौखिक परंपरा आहे. येथे विशेष आहे ते शिवीचे छंदातील स्थान. तिचा अर्थ तिसऱ्याचौथ्या ओळीतच झिजून जातो आणि तिचा केवळ आघात उरतो. ओळीतील निम्मे आघात अर्थशून्य झाल्यामुळे उरलेल्या शब्दांना, म्हणजे उशिरा येणारी गाडी, बेचव अन्न, कंटाळवाणी संध्याकाळ यांना, एक कोरडा ठसा मिळतो. सारांश, या कवितेत शिवी हेच तालवाद्य आहे. ध्वनिमुद्रिकेत तिच्याखाली दुसरे तालवाद्य घातले जाते, तेव्हा कवितेला आधीपासून असलेली गोष्टच पुन्हा दिली जाते. तेथे ते ध्वनिमुद्रण परिणामकारक असले, तरी कविता त्याच्यावर अवलंबून नाही.

६. मौनाचा काळ आणि पुनरागमन

१९८२नंतर ध्वनिमुद्रिकांची मालिका थांबली. १९८३ साली 'टेन इयर्स इन अ‍ॅन ओपन नेक्ड शर्ट' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतरचा त्यांचा मोठा संग्रह 'द लकिएस्ट गाय अलाइव्ह' २०१८ साली आला. मध्ये ३५ वर्षांचे अंतर आहे. १९८०चे दशक हेरॉइनच्या व्यसनात गेले. त्या काळात ते काही वर्षे जर्मन गायिका निको यांच्यासह लंडनमधील ब्रिक्स्टन येथे राहत होते. आपल्या व्यसनाविषयी त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे. १९८८ साली न्याहारीच्या एका धान्यपदार्थाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत ते दिसले. एकेकाळच्या पंक कवीचे ते रूप अनेकांना विचित्र वाटले असणार.

चरित्राचा हा भाग येथे एका प्रश्नापुरता महत्त्वाचा आहे. नवे पुस्तक नाही, नवी ध्वनिमुद्रिका नाही, वाद्यवृंद विखुरलेला, हॅनेट यांचा १९९१ साली मृत्यू झालेला. अशा स्थितीत कविता कोठे जिवंत राहिली? एक तर श्रोत्यांच्या स्मरणात. ठाशीव आघात आणि यमक यांनी तिला पाठांतरसुलभ केलेलेच होते. दुसरे, जुन्या ध्वनिमुद्रिकांत. आणि तिसरे, अनपेक्षितपणे, शाळेत. त्यांच्या कविता इंग्लंडमधील माध्यमिक शाळांच्या वर्गांतून शिकवल्या जाऊ लागल्या.

२००७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. अमेरिकेतील 'द सोप्रानोज' या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागाच्या अखेरीस 'एव्हिडंटली चिकनटाउन' वापरली गेली, आणि जॉय डिव्हिजनचे गायक इयन कर्टिस यांच्यावरील 'कंट्रोल' या चित्रपटात कूपर क्लार्क यांनी जवळजवळ ३० वर्षांपूर्वीच्या स्वतःची भूमिका केली. मालिकेने वापरली ती वाद्यसंगीतासह केलेली ध्वनिमुद्रित आवृत्ती होती, ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाला मुरड घालते. साथीमुळेच ती कविता चित्रपटीय माध्यमात वापरण्याजोगी झाली होती. साथीचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पुढे २०१२ साली बीबीसीने त्यांच्यावर माहितीपट दाखवला, २०१३ साली सॉल्फर्ड विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, २०२० साली आत्मचरित्र आणि २०२४ साली 'व्हॉट' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला.

७. कविता गीत होते तेव्हा

'आय वॉना बी युअर्स' ही कविता १९८२च्या ध्वनिमुद्रिकेतील. प्रियकर स्वतःला एकामागून एक घरगुती वस्तूंच्या रूपात प्रेयसीला देऊ करतो : व्हॅक्यूम क्लीनर, फोर्ड कॉर्टिना मोटार, रेनकोट, कॉफीचे भांडे, विजेचा मीटर. मराठी वाचकाला येथे दास्यभावाच्या भक्तीची आठवण व्हावी. फक्त ती सेवा यंत्रयुगातील वस्तूंच्या भाषेत मांडली आहे. विजेच्या मीटरचा संदर्भ समजण्यासाठी ब्रिटनमधील गरीब घरांत नाणी टाकून चालणारे मीटर असत, नाणे संपले की अंधार होई, हे माहीत असावे लागते. फोर्ड कॉर्टिना ही सामान्य कुटुंबाची मोटार होती आणि तिचे उत्पादन नेमके १९८२ सालीच थांबले. गंजण्याविषयी कुप्रसिद्ध असलेल्या वाहनाचा आधार घेऊन निष्ठेचे आश्वासन देण्यातील विनोद त्या काळच्या श्रोत्याला तत्काळ कळला असेल. कवितेच्या शेवटी हे हास्य ओसरते आणि भावना महासागराच्या खोलीशी जाऊन भिडते. वस्तूंच्या क्षुद्रतेमुळेच तो शेवट खरा वाटतो. ब्रिटनमधील विवाहप्रसंगी ही कविता वाचली जाते, यात आश्चर्य नाही.

२०१३ साली शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडने आपल्या 'एएम' या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस या कवितेचे गीत केले. त्यांचे गायक आणि गीतकार ॲलेक्स टर्नर यांना ती शाळेत प्रथम भेटली होती. म्हणजे मंचावरून ध्वनिमुद्रिकेत, तेथून पुस्तकात, पुस्तकातून वर्गात आणि वर्गातून पुन्हा बँडकडे असा तिचा प्रवास झाला. आंतरजालावरील ध्वनिवितरणामुळे ते गीत एक अब्जाहून अधिक वेळा ऐकले गेले आहे.

गीत होताना काय बदलले, हे पाहणे येथे महत्त्वाचे आहे. टर्नर यांनी गती अतिशय मंद केली, कवितेतील काही भाग ठेवला, काही वगळला, आणि पालुपद आणि एक नवा मधला भाग स्वतः लिहून जोडला. पालुपदात शीर्षकातील मागणी अनेकदा आळवली जाते. कवितेत हीच मागणी प्रत्येक वस्तूच्या मागोमाग झटकन येत असल्याने हास्य निर्माण होते. गीतात ती लांबत गेल्याने व्याकूळता निर्माण होते. कॉर्टिना आणि व्हॅक्यूम क्लीनर गीतातही आहेत. पण मंद लयीत त्यांचा विनोद मागे सरतो आणि त्या जुन्या काळातल्या हळव्या खुणा वाटू लागतात. इन्व्हिजिबल गर्ल्सनी कवितेच्या शेजारी संगीत ठेवले होते. आर्क्टिक मंकीजनी कवितेतून संगीत काढले, आणि त्यासाठी त्यांना कविता मोडून पुन्हा बांधावी लागली. कवितेची मूळ लय स्वयंपूर्ण असल्याचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण आहे. गीत व्हायचे, तर तिला आधी स्वतःची लय सोडावी लागली.

८. मर्यादा आणि समारोप

या कवितेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यमकाच्या साखळीने चालणारी यादी काही वेळा केवळ यमकासाठीच लांबते. आरंभीच्या काही कवितांतील स्त्रीचित्रण विनोदाच्या नावाखाली थट्टेच्या पातळीवरच राहते. व्यापारी नावे आणि तत्कालीन व्यक्ती यांवर अवलंबून असलेला विनोद टिपांविना कळेनासा होतो. शिवाय कवीचा आवाज आणि व्यक्तिमत्त्व इतके ठळक आहे, की दुसऱ्याने त्या कविता म्हणताना अनुकरणाचा मोह टाळणे अवघड जाते. तथापि 'बीझली स्ट्रीट'सारखी कविता छापील पानावर, आवाज ऐकला नसतानाही, ध्रुवपदाच्या बळावर उभी राहते. मंचावरची कविता कागदावर टिकत नाही, हे विधान त्यामुळे सरसकट करता येत नाही. जिची लय सादरकर्त्याच्या केवळ कंठात आहे, ती टिकत नाही; जिची लय शब्दांच्या बांधणीत आहे, ती टिकते. हा निकष मंच आणि कागद यांच्या भेदापेक्षा अधिक उपयुक्त आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक पद्धत सुचते. सादरीकरणाच्या कवितेची एकच प्रमाण संहिता मानण्याऐवजी तिचे मंचीय, ध्वनिमुद्रित आणि मुद्रित असे पाठ शेजारी ठेवावेत आणि प्रत्येक पाठात काय वाढले, काय गळाले, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. ओळीतील आघात कोठे पडतात, ध्रुवपद काय काम करते, साथ कोठे पूरक आहे आणि कोठे पुनरुक्ती आहे, हे प्रश्न कानाने ऐकून आणि पानावर खुणा करून सोडवता येण्याजोगे आहेत. 'हे काव्य की गीत' या वादापेक्षा त्यांची उत्तरे कवितेच्या अधिक जवळ नेतात. आपल्याकडील मंचीय कवितेचे मूल्यमापन तिच्या टाळ्यांवरून किंवा तिच्याविषयीच्या तिटकाऱ्यावरून होत आले आहे. साथ बाजूला ठेवून उरलेल्या शब्दांचा ताल मोजण्याची ही साधी कसोटी त्या कवितेलाही लावून पाहावयास हरकत नाही.